भंगारातल्या ट्रॅक्टरची सावली

काल एका जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन रॉकेलनं धुताना त्या वासानं दुष्काळातलं ढोकीजवळचं आमचं शेत आठवलं. नांगरण्याजोगी ओल कुठंच नव्हती, तरी सोसायटीनं भंगारात काढलेला ट्रॅक्टर आणून माझा थोरला भाऊ तो दुरुस्त करत बसायचा. वहिनी खडी फोडायला जायची. एकदा उन्हं कलताना ती परतली, आणि तेव्हाच इंजिन पहिल्यांदा धडधडलं.

"बघ, झालं चालू!" भाऊ ओरडला.

"बंद करा. लई थकले, जरा पडते," म्हणत ती बांधावर आडवी झाली.

भावानं लगेच इंजिन बंद केलं. आम्ही दोघांनी ट्रॅक्टर ढकलून त्याची सावली तिच्या अंगावर आणली. इतक्या खटपटीनं चालू झालेलं इंजिन तिनं बंद करायला लावलं, म्हणून तेव्हा मला तिचा राग आला होता. आता माझेच हात दुपारी गळून जातात, आणि त्या वर्षी ट्रॅक्टरनं केलेलं तेवढं एकच काम मला पुरेसं वाटतं.