दुकानात 'नाही' म्हणायचं नाही

आमच्या ह्यांनी कळंबोलीत ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान टाकलं तेव्हा इथे माणसं कमी आणि ट्रक जास्त होते. सेक्टरचे नंबर कागदावर, जमिनीवर नुसता चिखल. माहेरी मात्र सगळ्यांना सांगून झालं होतं, मुलगी नवी मुंबईला दिली!

ह्यांचा धंद्याचा एकच नेम: दुकानात 'नाही' म्हणायचं नाही. अपशकुन होतो म्हणे. गिऱ्हाइकाने मागितलेला दोर नसला तरी हे हसून म्हणायचे, "आहे ना! गोडाऊनमधून येतोय, उद्या घेऊन जा." गोडाऊन म्हणजे आमच्या पलंगाखालची जागा. पण माणूस चहा पिऊन खूश होऊन जायचा.

गल्ल्यावर मी. अख्ख्या बाजारात बायकांसाठी मुतारी नव्हती. पुरुषांचं काय, ट्रकचं मागचं चाक दिसलं की झालं! मी सकाळी निघताना पाण्याचा घोटही घेत नसे, तो थेट संध्याकाळी घरी. शेवटी व्हायचं तेच झालं, जळजळ आणि ताप. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. वा रे वा, आणि मग जाऊ कुठे, तुमच्या दवाखान्यात? रडू यायचं मला, खरं सांगते, आणि रडायलाही आडोसा नव्हता.

मग हे नगरसेवकपदाला उभे राहिले. प्रचारात मलाच पुढे केलं. चहाच्या टपरीवाली, भंगार वेचणाऱ्या, हमालांच्या बायका, सगळ्यांचे हात धरून मी सांगितलं, "बाजारात बायकांची मुतारी होणार. निदान माझ्यासाठी तरी होणार." हे निवडून आले. गुलाल एवढा उडाला की ताडपत्र्या झटकता झटकता माझे हात दुखले.

आता साहेब झालेल्या ह्यांनी तेच दुकान महापालिकेत मांडलं. गटार? "आहे ना, मंजूर आहे, उद्या." रस्त्यावरचे दिवे? "आहेत ना!" मुतारीच्या जागेवर नारळ फुटला आणि उभा राहिला सेल्फी पॉइंट. 'आय लव्ह कळंबोली', वर लाल दिवे. त्या मोठाल्या अक्षरांमागे छान आडोसा झाला, त्यामुळे पुरुषांची सोय मात्र आणखी वाढली.

यंदा सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. हे पेढे घेऊन दुकानात आले, मागे कार्यकर्ते. "उमेदवार घरचाच!" सगळे हसले. मला म्हणाले, "तू फक्त सही कर आणि हात जोड, बाकीचं मी बघतो."

"आणि मुतारी?" मी विचारलं.

"आहे ना!" तोच गोड आवाज. "उद्या..."

इतकी वर्षं ह्यांचा गल्ला सांभाळला, आणि ह्यांनी मलाही गिऱ्हाईक करून टाकलं. डोकंच फिरलं माझं.

"नाही," मी म्हटलं.

हे दचकले. उमेदवारीचं राहिलं बाजूला, आधी म्हणाले, "अगं, दुकानात असं बोलतात का!"

"बरं," म्हटलं. चप्पल घातली, फुटपाथवर उतरले, सेल्फी पॉइंटसमोर जाऊन उभी राहिले, आणि टपरीवालीला, ड्रायव्हरांना, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाही!"