श्वासाची वाट

यांच्या घोरण्यावर डॉक्टरांनी मास्कमधून हवा देणारं मशीन दिलं. पहिल्याच दुपारी हे अगदी शांत झोपले आणि मी सुखावले. मग लक्षात आलं, यांची छातीच हलत नव्हती. घाबरून हलवलं, तेव्हा श्वास परतला.

डॉक्टर म्हणाले, "मशीनमुळे घसा मोकळा राहतोय, पण आता मेंदूच मधूनमधून श्वास घ्यायला सांगत नाही. काही जणांचं होतं असं. बहुतेकदा आपोआप थांबतं, आपण लक्ष ठेवू."

तेव्हापासून हे झोपले की मी शेजारी बसते. चाळीस वर्षं ज्या श्वासाकडे पाठ करून झोपले, त्याची आता वाट पाहते.

काल जागे झाल्यावर यांनी मास्क काढून विचारलं, "अगं, काय बघतेस एवढं?"

"काही नाही. बोला ना काहीतरी," मी म्हटलं. वाटलं, यांनी असंच बोलत राहावं, झोपूच नये.