आयांनी खुरपलेली बाग

लग्न होऊन पाचगणीला आले तेव्हा सासरची बाग बघून मला हसूच आलं होतं. मी पलूसची, उसाच्या रानात वाढलेली. एवढ्याशा जागेत फुलं आणि स्ट्रॉबेरी लावायची आणि दिवसभर त्यांच्यामागे फिरायचं, हे मला रिकामपणाचे उद्योग वाटायचे.

बंगला मूळचा एका मडमेचा. सासऱ्यांनी फौजेतून सुटल्यावर तो घेतला आणि पाहुण्यांना उतरायला खोल्या काढल्या. ते गेल्यावर सगळा कारभार सासूबाईंकडे आला. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. येणारी माणसं बहुतेक मुलांना बोर्डिंगच्या शाळेत सोडायला आलेली. दिवाळीची सुट्टी संपली की खोल्या भरायच्या. पोराला सोडून आलेली आई व्हरांड्यात बसायची आणि तिचे डोळे वाहायला लागायचे. वडील पेपरात डोकं घालून बसायचे.

आत्याबाई अशा बाईची समजूत घालत बसल्या नाहीत कधी. सरळ तिच्या हातात खुरपं द्यायच्या. "बाई, गवत लय माजलंय. जरा हात लावता का?"

मुंबईच्या बायका भारी साड्या खोचून वाफ्यात बसायच्या. डोळ्यांत पाणी असलं की गवत काय आणि रोप काय. स्ट्रॉबेरीची रोपंही उपटली जायची. मी चिडायचे. आत्याबाई संध्याकाळी ती गोळा करून परत लावायच्या आणि मलाच दटावायच्या, "जगत्यात ती. तू गप."

माझे मालकही फौजेत. एकाहत्तर साली दिवाळीनंतर ते रजेवर आले होते. रजा अर्धी व्हायच्या आत पलटणीतून बोलावणं आलं. लढाईचं वारं तेव्हा सगळीकडे होतंच. सकाळच्या एस.टी.नं ते गेले. आत्याबाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. आई रडत नसताना सुनेनं आधी रडायचं तरी कसं.

घरी येऊन मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तर त्या वाफ्यात बसलेल्या आणि त्यांच्या मागची सरी अख्खी मोकळी. गवत आणि रोपं, एकच ढीग. एवढी वर्षं बाग केलेली बाई.

मी कप ठेवला आणि ढिगातली रोपं निवडायला बसले. त्यांनी वर न बघता दुसरं खुरपं माझ्याकडे सरकवलं.

"ऱ्हाऊ दे ते. खुरप तू बी. तू काय दगडाची हायस व्हय?"

मग मी रडले. चांगली हमसून रडले. दोघींनी मिळून उरलेल्या सऱ्याही साफ केल्या. रोपं परत लावायचं कुणालाच सुचलं नाही, ती उन्हात वाळून गेली.

उन्हाळ्यात मालक धडधाकट परत आले. ट्रंक खाली ठेवून आधी बागेत गेले, लहानपणापासूनची सवय.

"आये, स्ट्रॉबेरीचा वाफा मोकळा कसा गं?"

"गवत लय माजलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवत कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.