जर्मन येणारा जावई

चहा घ्या आधी. घोट गिळून मगच ऐका, न्हाईतर हसताना नाकातून येईल. लग्न जमवताना मी स्वतःच्या पायावर कसा धोंडा पाडून घेतला, ते सांगायलोय.

त्या टायमाला आमच्या सीमेवरच्या आळंदात इंटरनेट नवं नवं आलतं. मी बी.ए. होऊन घरीच. कॅफेत बसून बसून वेबसाईट करायला शिकलो अन् मराठीत स्वतःचं एक पान बनवलं. पडद्यावर माझं नाव मराठीत उमटलं तवा अंगावर काटा आला! वडलांना, म्हणजे अप्पांना, दाखवायला नेलं, तर ते चपला बाहेर काढून कॅफेत शिरले.

तेवढ्यात बिदरजवळच्या कमठाण्याचं स्थळ आलं. पोरगी सुनीता. फोटो बघितला अन् मी खलास. हिच्या घरनं होकार आला न्हाई तर आपलं काय खरं न्हाई, अशी गत. तिचे वडील माणिकमामा म्हणाले, बायोडाटा पाठवा. मी ऐटीत माझ्या पानाचा पत्ता कळवला.

आता गंमत अशी की त्या काळचा मराठी फॉन्ट लई लहरी. निळ्या 'e' अक्षराचं चित्र असलेल्या ब्राऊझरात पान झकास दिसायचं. कोल्ह्याच्या चित्राच्या ब्राऊझरात तेच उघडलं की नुसता गोंधळ! डोक्यावर टोपी घातलेले ए, शेपटीवाले सी, मधीच पौंडाचं चिन्ह. हे मला कुठं ठावं? मी जन्मात एकच ब्राऊझर बघितलेला. अन् मामा बिदरच्या ज्या कॅफेत गेले, तिथं नेमका कोल्हा!

मामांनी त्याची प्रिंट काढून गावात नेली. आमच्या मुलखात मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू, कसला बी कागद येऊ द्या, वाचणारा कुणीतरी सापडतोच. हा मात्र गावभर फिरला. कानडी शिकवणाऱ्या सरांनी नाही म्हटलं. इंग्रजीचे सर म्हणाले, अक्षर इंग्रजी हाय, भाषा न्हाई. तेलुगू येणाऱ्या ठेकेदारानं मान हलवली. उर्दूवाल्या चाचांनी उजवीकडून डावीकडं बघितला, तरी न्हाईच. शेवटी दुबईला जाऊन आलेल्या एकानं निकाल दिला, ही जर्मन.

झालं! पोरगं जर्मन लिहितंय म्हणून अख्खं कमठाणा गार.

सुपारी फोडायला मंडळी आमच्या घरी आली, तर मामा माझ्यासमोर खुर्चीवर टेकेनात. खिशातनं घडी केलेला कागद काढून हळूच म्हणाले, "जावईबापू, ह्यातल्या दोन ओळी वाचून दाखवता का? सुनीताच्या आईला ऐकायचंय."

गप बसावं का न्हाई माणसानं? घसा खाकरून चार शब्द काहीबी बरळलो असतो तरी निभलं असतं. पण माझ्या अंगात वेबसाईटवाला संचारला! म्हटलं, मामा, खाली पत्ता माझ्याच पानाचा, हे तर मराठीच हाय, चला दाखवतो. सगळ्यांना घेऊन वरातीसारखा कॅफेत गेलो. कागद बघून कॅफेवाला म्हणाला, हा कोल्ह्याचा घोळ. त्यानं कोल्ह्यात उघडलं, तीच जर्मन. निळ्या ईत उघडलं अन् भसकन् सगळी मराठी!

मामींनी तर पडद्याला हात जोडले. खरं सांगतो, मला आजबी नवल वाटतं. पान तेच, आत एक काना-मात्रा बदललेली न्हाई, अन् एका खिडकीत परदेश, दुसऱ्या खिडकीत आपलं आळंद. माझी छाती अशी फुगली म्हणता!

मग मामा मोठ्यानं वाचायला लागले.

"बी.ए., सेकंड क्लास. टायपिंग चालू. शेती कोरडवाहू, वाटणी बाकी. आवड, क्रिकेट बघणे." पुढं त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् भजी."

माझा जीव टांगणीला. सुनीता हातची गेली, असंच वाटलं. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला अन् पान परत एकदा वाचलं.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "शब्द दिलाय. पण लग्नाला आमची सगळी भावकी यायलीय. त्यांना ते अगोदरचं, जर्मनच दाखवा."

म्हणून आमच्या मांडवात एका टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता, कोल्हा उघडून. अन् शेजारी नवरदेव, म्हणजे मी, दिवसभर तोंडात विडा धरून, कुणी जर्मन बोलायला लावू नये म्हणून.