न्यूट्रल नसलेली मोटार

बाबांच्या नाकावर कायम राग असे, आणि तो उतरू नये याची काळजी मी घेत असे.

काचीगुड्याच्या आमच्या घरात जिन्याखाली दोन जुन्या मोटारी पडून होत्या, होडीच्या मागे बसवायच्या. बाबांचा एक मित्र तरुणपणी हुसेनसागरावर होड्यांच्या शर्यतीत उतरायचा आणि बाबा त्याच्या मोटारी सांभाळायचे. पुढे आयात खुली झाली, तलावावर चकचकीत नव्या मोटारी आल्या, आणि मित्राने या जुन्या मोटारी बाबांच्या गळ्यात मारल्या.

दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या. एक शर्यतीची, दुसरी साधी, मासे धरणाऱ्यांची. बाबा म्हणत, वरचं झाकण बघून फसू नये, झाकण कुणीही बदलतं. शर्यतीच्या मोटारीचा पाण्यात बुडणारा भाग सडपातळ असतो आणि तिला न्यूट्रल नसतं. सुरू झाली की पंखा फिरलाच, होडी सुटलीच.

जामबागच्या कॉलेजातून आले की मी मुद्दाम शर्यतीच्या मोटारीला टिचकी मारायची. "साधीच आहे ही."

"काय बोलू लागलीस गं? न्यूट्रल कुठंय हिला? दाखव की."

मग आमची जुंपायची. आई म्हणायची, एकाच माळेचे मणी. लग्नानंतर माहेरी आले तरी चहाच्या आधी हेच. प्रेमाचं बोलणं आम्हा दोघांना कधी जमलं नाही. भांडण मात्र छान जमायचं.

आई गेल्यावर बाबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते. एकदा बेगम बाजारला निघाले ते भलतीकडेच गेले, कुणा भल्या माणसाने रिक्षात घालून घरी आणलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मी ते मनावर घेतलं नाही, कारण मोटारीवरून बाबा अजून तावातावाने भांडत होते. भांडताहेत तोवर ते माझे आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा बाबांचा हात धरून जिन्याखाली नेलं आणि टिचकी मारली. "साधीच आहे ना ही?"

त्यांनी मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्याशी बोलावं तसं हसून म्हणाले, "हौ, साधीच असेल. तुम्ही म्हणता तर."

उभ्या आयुष्यात बाबांनी मला अहोजाहो केलं नव्हतं.