पायावरचे पट्टे

पडद्यावर मी उभा होतो. नऊ वर्षांचा, भिंतीएवढा उंच, अनवाणी. केस विस्कटलेले, नजर खाली. आणि पडद्यासमोर पहिल्या रांगेत मीच बसलो होतो. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, शेजारी माझी मुलगी. जर्मनीत, रेगेन्सबर्गमधल्या चर्चमागच्या त्या हॉलमधली माणसं एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे, आणि गोड हसत होती.

"बघा," फ्राउ होल्त्समान माइकवरून म्हणाल्या. त्या इथल्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष. "त्या पोराचा हा माणूस झाला. हे आपण केलं."

टाळ्या वाजल्या.

माझी मुलगी घरीसुद्धा जर्मनच बोलते. तिनं माझी बाही ओढली आणि जर्मनमध्येच विचारलं, "पपा, तुझे बूट कुठायत?"

बूट नव्हते. चप्पल होती. ती काढायला लावली होती.

मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीला लागून या संस्थेची शाळा आहे. एकेका मुलाचा खर्च एकेक जर्मन कुटुंब करतं. त्या कुटुंबाला मुलाचा फोटो पाठवायचा असतो. माझ्या फोटोच्या दिवशी आईनं मला आंघोळ घातली, डोक्याला तेल लावलं, भांग पाडला. स्वतः लग्नाकार्याची साडी नेसली. फोटो परदेशात जाणार म्हणून. माझ्या पायात चप्पल होती, अख्खा उन्हाळा घातलेली. आईचा चपलेवर फार कटाक्ष. माझा आजा वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायचा. घ्याव्याच लागायच्या, नाहीतर मार बसायचा. आई म्हणायची, "तुझ्या आज्यानं लई हातात धरल्या. तू पायातच घालायच्या."

शाळेचे सर वरच्या आळीचेच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चप्पल काढ रे. चप्पलवाल्या पोराला कोण पैसे देतंय?"

मी आईकडे पाहिलं. सरांनी तिच्याकडेही पाहिलं. "बाई, तुम्ही बाजूला व्हा. साडी फार चांगली दिसतीय."

मग त्यांनी माझा भांग हातानं विस्कटला. हाताला तेल लागलं. ते त्यांनी रुमालानं पुसलं, बोटाबोटाच्या मधलं, सावकाश. मला चप्पल काढण्यापेक्षा ते पुसणं जास्त आठवतं.

आई भिंतीआड गेली. लग्नाकार्याची साडी नेसून.

कॅमेरा फ्राउ होल्त्समान यांच्या हातात होता. तेव्हा त्या तरुण होत्या. त्यांना मराठी येत नव्हती. पण डोळे होते. चपला घालून आलेला पोरगा त्यांनी पाहिला आणि फोटो अनवाणी पोराचा काढला.

त्या पैशावर मी शिकलो. हे मी नाकारत नाही. इंजिनियर झालो, गाड्यांच्या कारखान्यात नोकरी घेऊन याच गावात आलो आणि वेड्यासारखा आपणहून संस्थेचं दार वाजवलं. पुढे फोरश्टांडवर, म्हणजे कार्यकारिणीवर, मला घेतलं. शाळेला पाणी नव्हतं, ते मी आणलं. वसतिगृहात मुलींना रात्री बाहेर जावं लागायचं, तिथे संडास बांधून घेतले. रजा घेऊन, स्वतःच्या तिकिटानं जाऊन. कार्यकारिणीत शाळेतल्या पोरांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा मी एकटा. दर वर्षी म्हणायचो, फोटोचं हे बंद करा. दर वर्षी उत्तर एकच: "गेनाऊ, अगदी बरोबर, यावर बोलायला हवं." ते बोलणं कधी झालंच नाही.

यंदा फ्राउ होल्त्समान पद सोडणार होत्या. मी अध्यक्षपदासाठी कार्यकारिणीकडे नाव दिलं होतं. माझ्याशिवाय कोण, असं मला वाटत होतं. एवढा भाबडेपणा या वयात शोभत नाही.

टाळ्यांनंतर त्यांनी कार्यकारिणीचा उमेदवार म्हणून नाव जाहीर केलं ते हेर ब्रांडल यांचं. निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस. एकदाच शाळेवर आले होते, पोट बिघडलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले.

कॉफीच्या वेळेला मी फ्राउ होल्त्समान यांना गाठून विचारलं, मी का नाही?

"आल्झो, असं बघ," त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, "तू स्वतः त्यातलाच आहेस ना. तू सगळं फार जवळून बघतोस. अध्यक्षाकडे थोडं अंतर हवं. तू आमचा बोटशाफ्टर हो. आमचा राजदूत. सगळीकडे जा, तुझी गोष्ट सांग. देणगीदारांना तू फार आवडतोस."

अंतर. ज्यांचं आयुष्य, त्यांच्याकडे ते नसतं, म्हणून त्यांनी संस्था चालवायची नाही. ज्यांना काही माहीत नाही त्यांच्याकडे ते भरपूर असतं. मी कॉफीचा कप तसाच टेबलावर ठेवला.

तेवढ्यात एक म्हातारी बाई जवळ आली. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "तू किती तरी वर्षं आमच्या फ्रिजवर होतास. आमच्या कुत्र्याच्या फोटोशेजारी." तिचे डोळे भरले होते. ती खरंच प्रेमानं बोलत होती. आणि मला त्या प्रेमाची किळस आली. हात धुवावासा वाटला. सरांनी रुमालानं पुसला तसा.

कॉफीनंतर नव्या मुलांचे फोटो दाखवले. पहिलाच फोटो आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा. तीच भिंत. अनवाणी. केस पिंजारलेले. मी सहज पायांकडे पाहिलं. उन्हानं रापलेल्या पायांवर, अंगठ्याजवळून दोन्ही बाजूंना गेलेले फिकट पट्टे. चपलेचे. जिथे ऊन लागलं नव्हतं तिथले.

मग पुन्हा माझा फोटो आला, कारण आता मला आभाराचं भाषण करायचं होतं. एवढा मोठा करून तो मी कधीच पाहिला नव्हता. माझ्याही पायांवर तेच पट्टे. इतकी वर्षं ते कागदावर होते, फ्रिजवर होते. कुणाला दिसले नव्हते. मलाही नाही.

मी माइकपाशी गेलो. भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहू दिलं.

"माझ्या पायांकडे बघा," मी म्हणालो. "ते पांढरे पट्टे चपलेचे आहेत. माझ्याकडे चप्पल होती. या फोटोसाठी ती काढायला लावली. माझी आई चांगली साडी नेसून आली होती, तिला भिंतीआड उभं केलं. फ्राउ होल्त्समान, तुम्ही तिथे होता. आता मघाच्या त्या मुलीचा फोटो परत लावा, तिचे पाय बघा. यंदाचे."



"पण ते चांगल्या हेतूनंच होतं," फ्राउ होल्त्समान म्हणाल्या. "लोक अशाच फोटोला देतात."

"माहितीये. आमचे सरही हेच म्हणाले होते."

मी म्हणालो, माझा फोटो आजपासून वापरायचा नाही. राजदूत मी होणार नाही. आणि अध्यक्षपदाला मी उभा आहे, सभेतून नाव देता येतं, नियम आहे. हात वर करून मतदान घ्या.

घेतलं. माझ्या बाजूनं मोजके हात वर गेले. फ्रिजवाल्या बाईनं दोन्ही नावांच्या वेळी हात मांडीवरच ठेवला. हेर ब्रांडल निवडून आले आणि त्यांनी मला हस्तांदोलन केलं, घट्ट, सद्‌गृहस्थासारखं.

बाहेर पार्किंगमध्ये माझा पुण्याचा मित्र भेटला. आमच्याच कारखान्यातला, माझ्याच ओळखीनं संस्थेचा सभासद झालेला. त्यानंही हात वर केला नव्हता. म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत रे."

मी म्हणालो, "त्या घराचे वासे आमच्या हाडांचे आहेत. मोजणारच."

गाडीत मुलीनं बुटांचं पुन्हा विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, ती तिला समजते; कारण हे जर्मनमध्ये सांगताना मला गोड बोलायची सवय लागलीय.  शेवटी तिनं विचारलं, "आणि आजी? तिचा फोटो कुठाय?" 

घरी येऊन आईला फोन लावला. त्या मुलीचं घर तिला ठाऊक होतं. म्हटलं, उद्या जा त्यांच्याकडे. सांग, पुन्हा फोटोला बोलावलं की पोरीनं चप्पल पायातच ठेवायची. केस विंचरलेले ठेवायचे. तिच्या आईनं शेजारी उभं राहायचं, चांगली साडी नेसून. आताचे सर काही बोलले तर माझं नाव सांगायचं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् पैशे बंद केले म्हंजे?"

हे मला ठाऊक आहे. तेच त्यांचं हत्यार आहे, आणि ते माझ्यावर आयुष्यभर चाललं.

संस्था मी सोडणार नाही. सोडली तर त्यांना हायसं वाटेल. त्या शाळेतून शिकून जर्मनीत आलेले आम्ही काही जण आहोत, एश्बॉर्नला, म्युनिकला. एकेकाला फोन करतोय. सभासद व्हा, सभेला या, पहिल्या रांगेत बसा. आपल्याला दाखवायला बोलावतात ना, आता आपण मत द्यायला जायचं. पुढच्या सभेला मी पुन्हा नाव देणार आहे. हरलो तर त्याच्या पुढच्या. त्या भिंतीपुढे एकही पोर अनवाणी उभं राहणार नाही, तोवर त्यांना माझ्याशिवाय सभा घेता येणार नाही.