चैत्रातला डाग

चारुदत्त केळुसकर तोंडाचा फटकळ. जन्म कलकत्त्यातला. तिथल्याच हवामान कचेरीत चिकटला आणि चार वर्षं उपग्रहाची चित्रं सांभाळत होता. सकाळी उपग्रह डोक्यावरून गेला, की यंत्रातल्या कागदावर रेघ-रेघ करत ढग उमटत. डागही उमटत. ते ब्लेडने खरवडायचे, रबराने पुसायचे, पाठीमागे 'साफ केले' लिहून सही ठोकायची आणि मग चित्र कपाटात, असा कचेरीचा रिवाज. या कामात चारुदत्ताचा हात धरणारा कुणी नव्हता. हे साहेबही कबूल करत, आणि विनायकराव फडणीस हे पुण्याहून बदलून आलेले साहेब त्याचं दुसरं काहीच कबूल करत नसत. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

शहात्तरच्या चैत्रात मात्र एक करडा पट्टा त्याला पुसवेना. छोटा नागपूरच्या डोंगरांपासून थेट हुगळीपर्यंत पसरलेला. मोहाची फुलं वेचायला तिकडे पाचोळा पेटवतात आणि वणवे लागतात, हे त्याला ठाऊक होतं. इकडे हुगळीकाठी बराकपूरला घरी त्याची बायको मालती दोन दिवस धापा टाकत होती. गेल्या चैत्रात तर ती मरता मरता वाचली. डॉक्टर गिरण्यांकडे बोट दाखवत. अरे, गिरण्या बारा महिने धूर ओकतात, मग हिचा श्वास चैत्रातच का कोंडतो?

तो चित्र घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेला.

"साहेब, हा वणव्याचा धूर आहे. अंदाजात एक ओळ घाला. दम्याची माणसं आदल्या दिवशीच खिडक्या लावून घेतील."

"केळुसकर, हा डाग आहे. चष्मा बदला."

"डाग दर चैत्रात येत नाही."

"दर चैत्रात? मग दाखवा की! मागच्या तीन वर्षांची चित्रं आणा. पट्टा दिसला तर ओळ मी स्वतः लिहीन."

चारुदत्त तरातरा कपाटाशी गेला. आज ह्या पुणेकराची जिरवायचीच. त्याने गठ्ठा आणून टेबलावर आपटला आणि एकेक चित्र उलगडलं. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर. डोंगर ते हुगळी, सगळं लख्ख.

"वा! काय स्वच्छ काम," विनायकराव हसले.

पंच्याहत्तरच्या एका चित्राला ब्लेडने खरवडून लव आली होती. त्याने ते उलटं केलं. नऊ एप्रिल. साफ केले. खाली त्याचीच सही. त्याच संध्याकाळी मालतीला खाटेसकट उचलून दवाखान्यात नेलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

साहेबांनी आजचं चित्र आणि रबर पुढे सरकवलं. "हेही आटपा."

चारुदत्ताने रबर खिडकीबाहेर भिरकावलं. चित्र पालथं घातलं, आणि कागद फाटेल इतका जोर देऊन लिहिलं, 'साफ केले नाही.' खाली पूर्ण नाव घातलं.